हरलेल्यांची माती

कुरोहामा,
२० ऑगस्ट २०२५

चि. शिंगो,

अनेक आशीर्वाद, आणि सहा वर्षं तोंड न दाखवल्याबद्दल पाठीत एक धपाटा. दोन्ही पोचले असं समजते.

तुझा पत्ता तुझ्या आत्याकडून काढला. आधी ऐकतच नव्हती. "तो नको म्हणतो गं, मासुमी," हे एकच पालुपद. शेवटी आमच्या कारखान्यातल्या माशाच्या वड्यांची दोन पाकिटं तिच्या पिशवीत टाकली, तेव्हा बाईला तुझा पत्ता आठवला. तिच्यावर चिडू नकोस. तिचा जीव आहे तुझ्यावर.

इथे उन्हाने जीव नकोसा केलाय. समुद्राकडून वारा म्हणून नाही, मांजरं दिवसभर बर्फाच्या गोदामाच्या दाराशी पडून असतात. तू तर जहाजांच्या कारखान्यात, तापल्या लोखंडाशेजारी. पाणी पीत जा. मीठ टाकून पी. खोलीतला एसी बंद पडला तर त्याच दिवशी दुरुस्त करून घे, उद्यावर टाकू नकोस. हे मी उगाच लिहीत नाही.

तुझ्याकडे एक मागणं आहे. ते आत्ताच सांगून टाकते, कारण हे पत्र मला शेवटपर्यंत जमेल की नाही याची खात्री नाही. चौदा सप्टेंबरला रविवार आहे. त्या दिवशी गावी ये, आणि येताना तुझी ती माती घेऊन ये, शाळांच्या बेसबॉल स्पर्धेत हरलात तेव्हा कोशिएनच्या मैदानावरून आणलेली. सगळी नको, मूठभर पुरे. कशाला, ते पुढे येईलच.

आधी गंमत ऐक. या महिन्याच्या सुरुवातीला मी तोक्योला गेले होते. हो, मीच! स्टेशनाबाहेर कुठल्या दाराने पडायचं तेच कळेना. आणि तिथे मी काय पाहिलं सांगू? बेसबॉलचं संग्रहालय. तुम्ही दोघं जाणार होतात ना? आमच्या स्वयंपाकघरात पाय पसरून, माझ्या भाताचा टोप खरवडत बेत चालायचे. "काकू, तोक्योला गेलो की आधी संग्रहालय, मग मुली," असं तू म्हणायचास, आणि तोमोया कानापर्यंत लाल व्हायचा. तो चार वर्षं तोक्योत राहिला, पण एकदाही तिकडे फिरकला नाही. मी फोनवर विचारलं की म्हणायचा, "शिंगोला येऊ दे." तुझं येणं काही होईना. तेव्हा म्हटलं, चल बाबा, आता मीच नेते. मग आम्ही दोघं गेलो.

तिकिटाच्या खिडकीत तुमच्याच वयाची एक पोरगी मोबाइलमध्ये डोकं घालून बसली होती. "किती जण?" तिने मान वर न करता विचारलं. "दोन," मी म्हटलं. तिने वर पाहिलं. माझ्या शेजारी कुणीच नव्हतं. मग तिची नजर माझ्या हातांकडे गेली आणि ती खुर्ची मागे सारून उभीच राहिली. मोबाइल पालथा घातला, कमरेत वाकून नमस्कार केला, आणि अगदी हळू विचारलं, "त्यांचं वय?"

"तेवीस."

"म्हणजे दोन मोठी," ती म्हणाली आणि तिने दोन तिकिटं माझ्या हातात ठेवली.

शिंगो, आता तुला कळलं असेल. माझ्या हातात पांढऱ्या कापडात बांधलेला चौकोनी डबा होता, आणि त्यात अस्थीच असतात, ते आपल्याकडे शेंबड्या पोरालाही समजतं. तोमोया गेला. जुलैच्या शेवटी, त्याच्या तोक्योच्या खोलीत, उकाड्याने. एसी बंद पडला होता. सुट्टी मिळाली की दुरुस्तीवाल्याला बोलावतो, म्हणाला होता. गोदामातली त्याची पाळी चुकली, दुसरीही चुकली, तेव्हा मुकादम बघायला गेला. हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. ऑगस्टच्या भर दुपारी कोशिएनवर नऊच्या नऊ डाव चेंडू टाकणारं माझं पोर एका खोलीत उन्हाने मेलं. मी पोचले तेव्हा पंखा चालूच होता. पोलीस येऊन गेले, घरमालक येऊन गेला, पण तो बंद करायचं कुणालाच सुचलं नव्हतं. मी केला.

बघ, लिहिलं गेलं. आता जरा सोपं जाईल.

खोली लगेच रिकामी करून द्यायची होती. बिऱ्हाड ते केवढं? चार शर्ट, एक टोप, खेळाचं सामान काहीच नाही. खिडकीत लोणच्याच्या बरणीत माती तेवढी होती, काही लावलं होतं की काय कोण जाणे, उगवलं तर काहीच नव्हतं. त्या गल्लीत कचऱ्याची शिस्त अशी की नवीन माणसाने रडावं की कचरा वेगळा करावा तेच कळू नये. जळणारा वेगळा, प्लास्टिक वेगळं, काच वेगळी. दारावर कागद चिकटवलेला आणि समोरच्या आजीबाई खिडकीतून पहारा ठेवून. काचेचा वार दुसऱ्याच दिवशी होता, म्हणून रात्रीच सगळ्या बाटल्या, बरण्या घासून, विसळून, उपड्या घातल्या. सकाळी आजीबाई मला म्हणाल्या, "किती स्वच्छ धुतल्यात! तुमचा मुलगाही असाच होता हो." धातूचा वार मात्र पुढच्या आठवड्यात होता. झाकणं कुठे टाकणार? वर्तमानपत्रात गुंडाळून सामानात भरली. तोक्योची झाकणं कुरोहामाला आणणारी मी पहिलीच असेन.

मग दहन झालं. उकाडा, दुसरा इलाज नव्हता, त्यामुळे तिथेच उरकावं लागलं. अस्थी वेचायला काड्या धरून दोन माणसं लागतात, एकट्याने उचलायच्या नसतात. माझ्यासमोर कुणीच नव्हतं. भट्टीवरच्या माणसाने दुसऱ्या काड्या धरल्या. भला होता. मी त्याला विचारलं, उजव्या कोपराचं हाड कोणतं? त्याने दाखवलं, आणि आम्ही ते मिळून उचललं. त्या क्षणी तुझी आठवण आली. मैदानावरही त्याच्यासमोर कॅचर म्हणून बसायची जागा तुझीच होती.

रात्रीच्या बसला अवकाश होता. सामान स्टेशनावरच्या लॉकरमध्ये ठेवलं. डबा हातात घेऊन मी लॉकरसमोर उभी राहिले. मावत होता. अगदी बरोबर मावत होता. पण पोराला आत ठेवून कुलूप लावायचं आणि किल्ली खिशात टाकून बाईने भटकायचं? बाहेर तर डांबर वितळत होतं. तेव्हा संग्रहालय आठवलं.

आत छान गार होतं. मी डब्याला म्हटलं, "बघ, इथे एसी चालतो." लोक वाट देत होते. एका माणसाने तर टोपी काढली.

जुने मिट पाहिले, टोप उतरवायच्या फडक्याइतके पातळ. हे घालून चेंडू कसा धरत असतील देव जाणे! किमोनोचे ओचे खोचून खेळणाऱ्या पोरांचे फोटो होते. तोमोयाला दिसावं म्हणून मी डबा जरा उंच धरत होते. वेडेपणा म्हण हवं तर. पुढे लढाईचं दालन. खाकी कपडे, सैनिकांसारख्या टोप्या. तिथे इनोसे नावाचा एक कर्मचारी होता, तो सांगत होता की पिचरांकडून हातबॉम्ब फेकून घेत, खांदे निकामी होईपर्यंत. मेलेल्यांची वयं वाचली. तेवीस, चोवीस, बावीस. त्यांच्या कितीतरी आयांना रिकामा डबा मिळाला होता, नाहीतर आत नुसता दगड. माझा निदान भरलेला होता. मला तेवढ्यापुरतं बरं वाटलं, आणि मग स्वतःची शिसारी आली.

आणि मग शाळांचं दालन. काचेमागे एक बाटली, बाटलीत माती. काळी, बारीक. खाली लिहिलेलं: कोशिएनवर हरलेल्यांनी गोळा केलेली. ती पाहिली आणि मी पुढचं काही न बघताच मागे वळले. दिवसभर काही खाल्लं नव्हतं, उन्हाचंही असेल. मी बाकावर बसले आणि डबा मांडीवर घेतला.

तो दिवस तुला सांगायला नकोच. बरोबरी, शेवटचा डाव, त्यांचा गडी तिसऱ्या तळावर. तोमोयाने टाकलेला चेंडू तुझ्या मिटखालून निसटून पार मागच्या भिंतीपर्यंत गेला, तेवढ्यात त्यांच्या गड्याने धाव पुरी केली आणि आपण हरलो. सगळी पोरं गुडघ्यांवर बसून रडत माती भरत होती. तुझं ते शेवटचं वर्ष, तू बुटांच्या पिशवीत माती भरलीस आणि एक ओंजळ तोमोयापुढे केलीस. तो एक वर्ष मागे होता. त्याने मान हलवली. मी वरच्या पायऱ्यांवरून पाहत होते. "पुढच्या वर्षी येऊन स्वतःची घेईन," असं सगळीच मागची पोरं म्हणतात, तोही म्हणाला. पुढच्या वर्षी साथ आली आणि स्पर्धाच रद्द झाली. त्यानंतर त्याने चेंडूला हात लावला नाही.

मी इनोसेला विचारलं, "यातली चिमूटभर मिळेल का? याच्यासोबत ठेवायला."

तो बिचारा इतका वाकला की त्याचं टक्कल दिसलं. "मला अधिकार नाही हो. असता तर…"

"असू दे. मग एवढं सांगा. कॅचरने सरळ चेंडूची खूण केली, आणि पिचरने आयत्या वेळी खाली पडणारा टाकला, तर कॅचरला तो धरता येतो?"

"गडी तिसऱ्या तळावर असताना?" त्याने डोकं खाजवलं. "नाही हो. देवालाही नाही येणार. पण असं कोण करतं?"

मी डब्याकडे बोट दाखवलं.

शिंगो, त्याने मला सांगितलं होतं. जुलैमध्ये, शेवटच्या फोनवर. मी मुळा किसत होते. मध्येच म्हणाला, "आई, शिंगोने एक बोट दाखवलं होतं, सरळ चेंडूचं. मी फोर्क टाकला, खाली पडणारा." मी म्हटलं, "बरं मग?" "मग काही नाही," म्हणाला. मी म्हटलं, "नीट जेव." झालं. त्यानंतर त्याचा आवाज ऐकलाच नाही.

तुला हे पहिल्यापासून माहीत होतं. खूण तूच केली होतीस. तरी गावाने तुला काय काय म्हटलं! "शिंगोच्या हातून चेंडू निसटतो, त्याच्या बापाच्या जाळ्यातून मासे." तुझ्या वडिलांनी होडी विकली, तुम्ही गाव सोडलंत, आणि तू अवाक्षर काढलं नाहीस. माझा पोरगाही गप्प बसला. मी त्याची आई आहे, तरी सांगते, ते नीच काम होतं. त्याला ते पेलवलंही नाही. पोर आतून कुजलं.

चौदा तारखेला एकोणपन्नासावा दिवस. त्याला कबरीत त्याच्या वडिलांशेजारी ठेवायचं आहे. मातीशिवाय ठेवायला माझा हात धजत नाही. त्याला तुझी माती दे, असं मागण्याचा मला हक्क नाही, तरी मागते. नाही म्हणालास तरी समजून घेईन. पण ये.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून,
मासुमी काकू

—

कुरोहामा,
५ सप्टेंबर २०२५

चि. शिंगो,

तुझं पत्र काल आलं. पाकिटावरचं गिचमिड अक्षर बघूनच ओळखलं. उभ्या उभ्या वाचलं, मग बसून वाचलं.

फोर्कबद्दल तू एकच ओळ लिहिलीस: "काकू, त्याला पुढच्या वर्षी खेळायचं होतं, मला नव्हतं, म्हणून गप्प बसलो." एवढंच? एवढ्यासाठी सहा वर्षं? आणि ते पुढचं वर्ष तर आलंच नाही रे! कुणासाठी गिळलंस ते सगळं? मी देव्हाऱ्यापुढे बसून तोमोयाला शिव्या घातल्या. मग डब्याला मिठी मारून रडले. शेजारीण धावत आली.

आता तुझ्या पत्राचा पुढचा भाग. त्याला उत्तर द्यायला काल माझा हात उठला नाही.

तू लिहितोस, माती तुझ्याकडे नाही. स्पर्धा रद्द झाली त्या मे महिन्यात तू कुरोहामाला आला होतास, धक्क्यावरूनच परत गेलास, घरी आला नाहीस. सगळी माती तू तोमोयाला दिलीस. तो घेईना. तेव्हा तू म्हणालास, "तुझी म्हणून नको घेऊस गाढवा, माझी म्हणून सांभाळ. मागेन तेव्हा परत दे." आणि लिहितोस: "त्याच्या सामानात बघा, काकू. माझ्या आजीच्या उमेबोशीच्या लोणच्याच्या बरणीत आहे, लाल झाकणाची. ती तो टाकणार नाही."

नाही टाकली त्याने. खिडकीत ठेवली होती. मीच धुतली.

माझ्या मागच्या पत्रात ते आहेच, तू वाचलंही असशील आणि मला वाईट वाटू नये म्हणून नुसतं "बघा" एवढंच लिहिलं असशील. तुझा स्वभावच तो. नळाखाली धरली, काठीला चिंधी बांधून तळापर्यंत घासली, वासासाठी एकदा साबणही लावला. काळं पाणी मोरीतून जाताना पाहिलं. तुमच्या दोघांच्या कपड्यांतून असंच काळं पाणी मी वर्षानुवर्षं काढलं होतं, हातांनी ओळखायला हवं होतं. संग्रहालयात बाटली दिसली तेव्हा मी मागे वळले ते उन्हाने नव्हतं. मला तेव्हाच कळलं होतं, असं आता वाटतं. स्वतःला कळू दिलं नाही इतकंच. आजीबाईंनी माझं कौतुक केलं, ते कानातून जात नाही.

काल संध्याकाळी ती वर्तमानपत्राची पुरचुंडी शोधून काढली. सामानासोबत फडताळात तशीच होती. लाल झाकण निघालं. तेही धुतलेलं, अर्थात. मी झाकणंसुद्धा धुते. पण आत, कडेला, मळसूत्राच्या खाचेत काहीतरी राहिलं होतं. गोधडीच्या सुईने कोरून काढलं आणि पांढऱ्या रुमालावर झटकलं. काळपट कण, तिळाएवढेही नसतील. मी चष्मा लावून पाहिलं, दिव्याखाली पाहिलं, जिभेलाही लावून पाहिलं. पत्र्याचं झाकण, पाच वर्षं बंद, खाली मीठ मुरलेली बरणी. माती आहे की गंज, मला सांगता येत नाही.

तुला येईल. तू ती माती गुडघ्यांवर बसून हातांनी खरवडली आहेस. रुमालाची घडी करून देव्हाऱ्यात ठेवली आहे, डब्याशेजारी. चौदाला ये, आणि भटजींची प्रार्थना सुरू व्हायच्या आधी एकदा उघडून बघ. कुणी काही बोलणार नाही. बोललाच कोणी, तर गावाच्या तोंडावर फोर्कची गोष्ट सांगायला मी आता भीत नाही.

आणखी एक. इनोसेने मला सांगितलं होतं की चांगला कॅचर बाहेरून गेलेला चेंडूसुद्धा मिटमध्ये असा अलगद आत ओढून धरतो, की पंचालाही तो बरोबर पडल्यासारखा वाटतो. तू माझ्या मुलाचे असे किती चेंडू सावरलेस, ते तुझं तुला माहीत. आता हा शेवटचा आहे, आणि तो मी टाकला आहे.

गंज असला, तरी माती म्हण.

तुझी,
तोमोयाची आई